दोघांची एक फाईल

माघातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे वडील आणि माझे काका परभणीतल्या एका हृदयरोगाच्या डॉक्टरांसमोर एकत्र उभे राहिले. दीड वर्षापासून दोघं औषधं घेत होते. दोघं एकाच दिवशी एका डॉक्टरांसमोर येण्याची ती पहिली वेळ होती. डॉक्टरांच्या हातात एक फाईल होती. तिच्यावर एकच नाव होतं, वडिलांचं.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघांनी हात वर केले.

आमचं घर मेंढपाळांचं. गाव सेलू तालुक्यात, वालूरहून चालत तासाभरावर. वडील थोरले, वय एकाहत्तर. काका धाकटे, वय चौसष्ट. दोघांत मिळून सव्वाशेच्या आसपास मेंढरं, थोड्या शेळ्या आणि चार एकर कोरडवाहू. मी थोरल्याचा मुलगा. शिकायला बाहेर पडलो आणि पुढे बावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या टेबलावर काढली. बातमीतली नावं, वयं, गावं आणि आकडे एकमेकांशी जुळतात का, हे छापण्याआधी पाहायचं, हे माझं काम होतं. चार वर्षांपूर्वी आवृत्ती बंद झाली. तेव्हापासून मी सेलूत राहतो.

घरात एक नियम आजोबांपासून चालत आलेला आहे. मेंढरामागं एक भाऊ, गावात एक भाऊ. दोघांनी एकाच दिवशी कळप सोडायचा नाही. आज वडील रानात असतील तर काका घरी, उद्या उलट. त्यामुळे लग्नाला एकच जातो आणि आहेर दोघांचा धरला जातो. मयतीला एक जातो. ग्रामसभेला एक बसतो. जो जातो तो नाव थोरल्याचं सांगतो, कारण सातबारा, रेशनकार्ड, लोकरीची पावती, सगळं थोरल्याच्या नावावर आहे. गावात याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही.

वडिलांना दम लागू लागला तो आदल्या वर्षीच्या श्रावणात. कालव्याचा भराव चढून वर आले की ते काठी टेकून उभे राहायचे आणि छातीच्या मधोमध मूठ धरायचे. काकांचा दम त्याहून जुना. लोकर कातरायचे दिवस आले की त्या धुरळ्यानं त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची आणि खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. हे दोन वेगळे आजार होते. घरात दोन्हींना एकच शब्द होता.

पहिला इलाज गाढविणीच्या दुधाचा झाला. गाढवीण घेऊन दारोदार फिरणारे लोक आमच्याकडे वर्षातून एखाद वेळ येतात. खोकल्यावर, दम्यावर चालतं असं ओरडत येतात आणि जागेवर पिळून चमच्यानं देतात. त्या दिवशी वडील रानात होते. काकांनी एक चमचा घेतला, अर्धा प्याले, उरलेला वाटीत ओतून झाकून ठेवला. वडील दिवस मावळताना आले तेव्हा वाटीत माशी पडलेली होती. त्यांनी ती बोटानं काढली आणि दूध प्याले. हे मला काकूंनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, पण मी त्यातून काही शिकलोही नाही.

मग वालूरच्या बाजारातला एक डॉक्टर झाला. एका बाजाराला वडील गेले, दुसऱ्या बाजाराला काका. तिसऱ्या बाजाराला वडिलांबरोबर मी गेलो. खोली दहा बाय दहाची. भिंतीला खिळे आणि खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या. कॉटवरच्या रेक्झिनला डोक्याच्या जागी तेलाचा काळा गोल. एका ट्रेमध्ये वापरलेला कापूस आणि त्या कापसावर सुई. कोपऱ्यात बादली, तिच्यात कुणीतरी नुकतीच उलटी केलेली, आणि बादलीला टेकून पुढच्या पेशंटच्या चपला. डॉक्टरांच्या एका कानात स्टेथोस्कोप होता, दुसऱ्या कानाला मोबाईल. दुसरं टोक त्यांनी वडिलांच्या सदऱ्यावरच्या उपरण्यावरून लावलं.

"काय होतंय, मामा?"

"दम लागायलाय."

"लागणारच. वय किती झालं? आता काय पळायच्या शर्यतीला जायचंय का?"

मोबाईलवरच्या माणसाला ते म्हणाले, "न्हाई, तुला न्हाई." मग इंजेक्शन दिलं. कशाचं, ते विचारल्यावर "ताकदीचं" म्हणाले. वडील बाहेर येऊन म्हणाले, लय फरक वाटायलाय. मी त्यांना स्टँडपर्यंत चालत नेलं. वाटेत ते दोनदा थांबले.

दिवाळीनंतर मी सेलूतल्या एका मोठ्या दवाखान्यात नंबर लावून दिला. फाईल तिथे तयार झाली. निळ्या पुठ्ठ्याची, वर वडिलांचं नाव. पहिल्या दिवशी वडिलांची गावातली पाळी होती. ते गेले, त्यांचा ईसीजी निघाला. हृदयावर ताण आहे असं सांगून डॉक्टरांनी नाडी मंद करणारी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. पंधराव्या दिवशी पाळी काकांची होती. काका गेले. खिडकीवर त्यांनी घरच्या रीतीप्रमाणे थोरल्याचं नाव सांगितलं. फाईल निघाली. डॉक्टरांनी सदऱ्यावरूनच छातीला नळी लावली, शिट्टी ऐकली, एक्स-रे काढायला पाठवलं, फुंकायची तपासणी करायला लावली आणि तोंडानं ओढायचा पंप दिला. पंधरा दिवसांपूर्वी आपण ज्याला पाहिलं तो हा माणूस नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. काका वडिलांपेक्षा वीतभर बुटके आहेत. त्यांना मिशी आहे, वडिलांना नाही.

दोघं घरी औषध सारखं वाटून घेऊ लागले. गोळ्यांची पट्टी लोकर कातरायच्या कातरीनं मधोमध कापली जायची. अर्धी वडिलांच्या सदऱ्यात, अर्धी काकांच्या तंबाखूच्या पिशवीत. यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. उपचार फक्त वडिलांवर चालू आहेत, काका कधी कधी त्यांचं औषध आणायला जातात, असं मी समजत होतो. काकांच्या दमाचं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चालू हाय की औषध." कुणाकडचं, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या भेटीनंतर दवाखान्यानं फाईल घरी दिली. ती माझ्याकडे असायची, कारण तिच्यातलं इंग्रजी घरात मला एकट्याला वाचता येत होतं. एकदा पोळ्याला दोघं भाऊ आणि काकू ओसरीवर बसलेले असताना मी ती वाचून दाखवली. मेंढरं त्या दिवशी अंगणातच होती, म्हणून दोघंही घरी. एक्स-रेच्या अहवालात एक ओळ होती. डाव्या बाजूची एक बरगडी पूर्वी मोडून भरून आलेली आहे.

"बराबर हाय," काका म्हणाले. "एडक्यानं मारलं व्हतं."

"लय माजलेला व्हता त्यो," वडील म्हणाले.

मी पुढची ओळ वाचली. एडक्यानं, म्हणजे कळपातल्या मेंढ्यानं, मारलं होतं ते काकांना. ती गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. वडिलांच्या नावाच्या कागदावर काकांची बरगडी मी मोठ्यानं वाचली, दोघांनी मान डोलावली आणि मी पान उलटलं.

यंदाच्या पौषात वडिलांच्या छातीत धडधड सुरू झाली. "आतमंदी कोकरू उड्या मारायलंय," असं ते म्हणायचे. सेलूच्या डॉक्टरांनी परभणीचं नाव सांगितलं. मी परभणीला गेलो. वडिलांना नेलं नाही. फाईल नेली.

आमच्या भागात याला फाईल दाखवणं म्हणतात. माणूस घरी राहतो, कागद एसटीनं जातो. त्या दवाखान्यात याची वेगळी सोय होती. खिडकीवरच्या माणसानं वर न पाहता विचारलं, "पेशंट हाय का फाईल?"

"फाईल."

"मग तिकडच्या बाकावर. फाईलवाले चारनंतर."

आमच्या बाकावर अकरा माणसं होती. एकही आजारी नव्हता. प्रत्येकाच्या मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं एक्स-रेचं टोक. समोरच्या बाकांवर खरे आजारी होते. एक बाई गुडघ्यांवर हात रोवून श्वास घेत होती आणि तिच्या शेजारचा माणूस गुटखा चघळत होता. थुंकायला तो उठला नाही. वळला आणि कुंडीत थुंकला. कुंडीतल्या झाडाची खालची पानं लाल होती. वर टीव्हीवर निरोगी हृदयासाठी काय खावं हे सांगणारा कार्यक्रम आवाज बंद करून लावलेला होता. औषध कंपन्यांचे टाय बांधलेले तीन तरुण आले आणि नंबर न लावता आत गेले. आतून हसण्याचा आवाज आला. गुडघ्यांवर हात रोवलेली बाई दाराकडे पाहत होती.

"तुमचं कोण हाय?" माझ्या शेजारच्यानं मला विचारलं.

"वडील."

"माही सासू हाय. चौथ्यांदा आलो. दाक्तरनं अजून तिला बघितलं न्हाई, पण गोळ्या लय भारी देतो."

पावणेपाचला मला आत बोलावलं. डॉक्टर जेवत होते. डबा टेबलावर उघडा होता. माझ्याशी ते वाईट वागले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी फाईल ओढली, ईसीजीची पट्टी उलगडताना उजव्या हाताचं बोट तिच्यावर टेकलं आणि वरणाचा पिवळा ठसा उमटला.

"वय?"

"एकाहत्तर."

"ईसीजीत बदल आहेत. छाती फुगलेली दिसते. दोन्ही आहे यांना, हृदय पण आणि दमा पण. धडधड होते ना? मग पांढरी गोळी एकाच्या दोन करा. पंप चालू ठेवा."

"त्यांना आणू का?"

"फरक नाही पडला तर आणा."

फाईल त्यांच्या हातात जेमतेम दोन मिनिटं होती. मी गावी फोन लावला. तो काकूंनी घेतला. "गोळी एकाच्या दोन करायची," मी सांगितलं. "सांगते दोघास्नी," त्या म्हणाल्या. दोघांना का, हे मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, मी गावी गेलो. वडील घरी होते. धडधड तशीच असल्याचं त्यांनी सांगितलं. काकांना भेटायला मी रानात गेलो. मेंढरं वेचणी संपलेल्या कापसाच्या पट्टीत सोडलेली होती. काका बांधावरच्या दगडावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर टेकून, खांदे कानापर्यंत उचलून. ऊन डोक्यावर होतं आणि त्यांच्या अंगावर घोंगडी होती. ओठ जांभळट. चार मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलेली होती. ती त्यांना दिसत होती. त्यांनी ती हाकलली नव्हती. मी मेंढरं बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर बसलो.

"काका, कधीपासून?"

"चार... रोज." एका श्वासात एकच शब्द निघत होता.

"औषध?"

त्यांनी तंबाखूची पिशवी पुढे केली. तिच्यात चुना, तंबाखू आणि कातरीनं कापलेली अर्धी पट्टी होती. गोळ्यांचं नाव दुसऱ्या अर्ध्यावर राहिलेलं होतं, पण गोळी मी ओळखली.

"ही कुणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"दादाची... अन् माही. दाक्तरनं... एकाच्या... दोन... सांगितल्या. तूच... सांगितलं."

"आणि पंप?"

"दादाकडं. आज... त्याचा... दिस."

पंप एकच होता. ज्याची गावातली पाळी, पंप त्याच्याकडे राहायचा. रानात मातीत पडेल, मेंढरू तुडवेल, म्हणून तो रानात न्यायचा नाही असं ठरलेलं होतं. म्हणजे वडील छातीत धडधड होत असताना काकांचा पंप ओढत होते आणि काका शिट्टी वाजत असताना वडिलांची गोळी गिळत होते. दर एका दिवसाआड पंप काकांकडे यायचा. तेवढ्यावर ते तगले होते.

मी घरी फोन लावला. काकू पंप घेऊन निघाल्या. काकांना उठवायचा प्रयत्न केला तर त्यांनी हात झटकला.

"मेंढरं... कुणाकडं?"

काकू अर्ध्या तासात आल्या. पंप दोनदा ओढल्यावर काकांच्या तोंडून सलग तीन शब्द निघाले. ते असे होते, "तू कामून आलीस?"

"उठा," काकू म्हणाल्या. "मेंढरं मलाबी वळखत्यात. इतकी वर्षं काय निस्तं चुलीपुढंच बसले व्हय मी? तुमच्यापेक्षा माही हाक आयकत्यात."

हाक दिली तेव्हा मेंढरं वळली. काका माझ्या मोटारसायकलवर मागे बसून घरी आले. अर्धी पट्टी मी माझ्या खिशात घातली. तिची भावंडं घरात आणखी आहेत का, ते शोधायला मला संध्याकाळ लागली. एक पट्टी देवळीत मिळाली, एक पिठाच्या डब्याखाली.

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून मी फाईल पहिल्यांदा तपासली. आधी मी ती फक्त वाचली होती. नाव सगळ्या कागदांवर एकच होतं. वय पहिल्या कागदावर सत्तर, दुसऱ्यावर त्रेसष्ट, तिसऱ्यावर पुन्हा सत्तर. नाव थोरल्याचं सांगायचं एवढं ठरलेलं होतं. वयाचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून काकांनी आपलं खरं वय सांगितलं होतं. वजन एका भेटीत बासष्ट किलो, पंधरा दिवसांनी एकावन्न, पुढच्या पंधरा दिवसांनी एकसष्ट. दोन डॉक्टर, दोन कंपाउंडर, एक एक्स-रेवाला आणि मी, इतक्या जणांच्या हातून हे कागद गेले होते. पंधरा दिवसांत अकरा किलो घटून पुन्हा दहा किलो भरणारा माणूस कुणालाच खटकला नव्हता. शिकाऊ उपसंपादकानं असं पान सोडलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर बोललो असतो. तसं मी बोलायचोही.

सोमवारी परभणीला फोन केला. "फाईल घेऊन या, चारनंतर," खिडकीवरचा माणूस म्हणाला. पेशंट आणतो म्हटल्यावर त्यानं मंगळवारचा सकाळचा नंबर दिला.

खरा वाद घरात झाला. एका दिवशी दोघांनी कळप सोडायला वडील तयार नव्हते.

"आमी एकेक जातो की. आज ह्यो, उद्या मी."

"तसंच केलं दीड वर्ष," मी म्हणालो.

"मग मेंढरं उपाशी ठिवू?"

"मी जाते म्हणलं ना," काकू आतून म्हणाल्या. "न्या दोघायलाबी. परत आले की मोजून घ्या मेंढरं, एक कमी भरलं तर मला इका."

मंगळवारी पहाटे काकू मेंढरं घेऊन गेल्या. आम्ही तिघं सेलूहून गाडीनं परभणीला गेलो. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. एका पायरीवर वडील थांबायचे, दुसरीवर काका. जो थांबेल त्याच्यासाठी दुसरा थांबायचा.

डॉक्टरांसमोर दोघांनी हात वर केल्यावर मी बोललो. ईसीजी यांचा आहे, एक्स-रे यांचा आहे, गोळी यांची आहे, पंप यांचा आहे, दोन्ही औषधं दोघं घेतात. डॉक्टरांनी फाईल उघडली. सगळी पानं उलटली. त्यांनी मान वर केली आणि आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं.

"नाव एकच कसं?"

"थोरल्याचं सांगायचं असतंय, साहेब," काका म्हणाले.

"दवाखान्यात?"

"सगळीकडंच."

"ही गोळी दम्याच्या माणसाला द्यायची नसते," डॉक्टर मला म्हणाले. "श्वासनळ्या आवळतात. आणि तो पंप यांच्या हृदयाला चालत नाही. आधीच ठोके वाढलेले."

"गोळी तुम्ही दुप्पट केली होती. दमा पण आहे असं म्हणून, तरीही केली होती."

"फाईलवरून केली."

"हो."

"फाईलवर एवढंच कळतं. माणूस आणायचा असतो."

"आणू का, असं मी विचारलं होतं."

त्यांनी ईसीजीच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हा डाग कसला?"

"तुमच्या डब्यातला."

त्यांनी पट्टी घडी करून आत सरकवली. मग ते उठले, हात धुतले आणि दोघांना एकेक करून कॉटवर घेतलं. सदरे काढायला लावले. दीड वर्षात स्टेथोस्कोप पहिल्यांदा कातडीला लागत होता. काकांच्या पाठीवर तो चार ठिकाणी लावला, तेव्हा डॉक्टरांनी दोनदा "पुन्हा" म्हटलं. बरगडीवरून बोट फिरवताना थांबले.

"हे काय?"

"एडक्यानं मारलं व्हतं," वडील कॉटच्या पलीकडून म्हणाले.

काकांना त्याच दिवशी शेजारच्या छातीच्या दवाखान्यात भरती केलं. खिडकीवरच्या बाईनं नाव विचारलं. काकांनी थोरल्याचं सांगितलं.

"तुहं सांग," वडील मागून म्हणाले.

काकांनी मग आपलं सांगितलं. बाईनं ते लिहून घेतलं आणि वय विचारलं.

तीन दिवस ते तिथे होते. वॉर्डात आठ कॉट होत्या. वाफेच्या मशीनचे मास्क दोन होते आणि ते एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जात. मधे धुतलेले मी पाहिले नाहीत. मी नर्सला विचारलं. "गर्दी किती आहे, दिसत नाही का, दादा?" ती म्हणाली. मी बाहेरून नवा मास्क आणला. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं तो मागितला. काकांनी तोंडावरचा काढून त्याच्याकडे हात लांब केला. मी तो हात मधेच धरला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्या म्हाताऱ्यालाही एक मास्क आणून दिला. तोपर्यंत त्याची सुट्टी झालेली होती.

वडिलांची सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. हृदय जेवढं आकसायला हवं त्याच्या निम्म्यानं आकसत होतं. हे आधीपासूनचं की या दीड वर्षातलं, असं मी विचारलं. "सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. हा प्रश्न मी आणखी एका डॉक्टरांना विचारला. उत्तर तेच आलं. त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी काका घरी आले. ओठांचा रंग परत आला होता. ते सलग बोलत होते, आणि पहिलं जे बोलले ते काकूंना उद्देशून होतं, "मेंढरं वाळलीत." काकूंनी मोजून दाखवली. पुरी होती. वडिलांची नाडी निघताना मिनिटाला शहात्तर होती. शंभराच्या वर गेली तर लगेच आणा, पंपाला हात लावू देऊ नका, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं. या वेळी कागद दोन होते, फायली दोन.

मी दोन कापडी पिशव्या केल्या. वडिलांच्या पिशवीला पांढऱ्या लोकरीची दोरी बांधली, काकांच्या पिशवीला काळ्या. पांढरीत गोळ्या, काळीत नवा पंप. दोघांना समोर बसवून सांगितलं की यातलं त्यात जायचं नाही, गेलं तर माणूस जाईल. काकूंनाही सांगितलं.

"म्हंजी दादाला दम लागला तर मी बघत बसायचं?" काकांनी विचारलं.

"मला फोन करायचा."

"अन् तू येस्तोर?"

मी म्हणालो, त्यांचा दम या पंपानं जात नाही, वाढतो. काका हो म्हणाले. वडीलही हो म्हणाले.

पंधरा दिवसांनी मी गेलो. काकू मेंढरांमागे होत्या. दोघं भाऊ ओसरीवर बसले होते. काळ्या दोरीच्या पिशवीत एकही गोळी नव्हती. नव्या पंपाला मागच्या बाजूनं आकड्याची खिडकी आहे, एकदा दाबला की आकडा एकानं उतरतो. सुरुवातीला एकशे वीस होता. काकांना सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन वेळा ओढायला सांगितलेलं. आकडा साठ असायला हवा होता. चव्वेचाळीस होता.

"जास्त ओढला का?" मी काकांना विचारलं.

"माहे मोजूनच हायेत. सकाळी दोन, सांजच्याला दोन."

वडील खांबाला टेकून अंगणाकडे पाहत होते. मी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. एकशे आठ होती.